प्रत्येक वावटळ टोर्नेडो नसते हो!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर एक फोटो होता बघा, शेतात धुळीचा उंच खांब उभा, मागे आभाळ एकदम कोरडं निळं, आणि वर हेडिंग काय तर "शिवारात टोर्नेडोचा थरार". आणि त्याच बातमीत चौथ्या ओळीत त्यालाच "चक्रीवादळ" पण म्हटलंय. म्हणजे एकाच बातमीत वावटळीची दोनदा बढती. सकाळी चहा पिताना हसू आलं, मग जरा रागही आला, आणि बायको म्हणाली की मला काय सांगता, त्यांना लिहा ना, म्हणून लिहितोय. लांबलं तर कात्री लावा, पण मुद्दा ठेवा.

मी काही हवामानवाला नाही. रेल्वेत सिग्नल खात्यात नोकरी झाली, त्यातली बरीच वर्षं खड्गपूरला. नागपूरच्या माणसाला खड्गपूर काही परकं नाही, पूर्वीची बंगाल नागपूर रेल्वेच ती, आमच्याकडची कितीतरी घरं त्या लाइनवर गेलीत. तिकडे चैत्र लागला की संध्याकाळी लोक वायव्येकडे बघत बसतात, कारण कालबैशाखी तिकडून येते. इंग्रज त्याला नॉरवेस्टर म्हणायचे ते म्हणूनच. काळाकुट्ट ढग, धूळ, मग गार वारा, गारा, आणि अर्ध्या तासात सगळं शांत, हवा मस्त. सुरुवातीला आम्हाला वाटायचं हा आपला वळीवच की, फक्त जरा रागीट. तसा नाही तो, आणि हे एकदा फार वाईट पद्धतीने कळलं.

२४ मार्च १९९८ ला दांतन आणि पलीकडे ओडिशातलं जलेश्वर या पट्ट्यात टोर्नेडो आला. दीडशेहून जास्त माणसं गेली, त्यात शाळेतली पोरंसुद्धा होती. दोन्ही गावं आमच्याच लाइनवरची, खड्गपूरहून बालेश्वरकडे जाताना लागतात. नंतर कामासाठी तिकडे जाणं झालं तेव्हा जे बघितलं ते आजही डोळ्यापुढून जात नाही. पत्रे ताडाच्या झाडाला असे गुंडाळलेले की जसं कुणी हाताने पान गुंडाळावं, आणि तिथून थोड्याच अंतरावर एका झोपडीच्या छपरावर भोपळ्याचा वेल जसाच्या तसा, एक पान फाटलेलं नाही. पट्टा असतो तो. पट्ट्यात आलं ते संपलं, बाहेरचं वाचलं. सोबतचे बंगाली दादा म्हणाले हातीशूँड होता, म्हणजे हत्तीची सोंड. ढगातून सोंड खाली येते म्हणून तसं नाव, आणि मला ते टोर्नेडोपेक्षा शंभर पटीने आवडतं, कारण मुख्य गोष्ट त्या शब्दातच आली ना, की ती सोंड ढगाची असते. वर ढगच नसेल तर सोंड कुणाची?

वावटळ जमिनीतून निघते. भर उन्हात जमीन तापते, लगतची हवा हलकी होऊन वर उठते, आजूबाजूची आत येते, थोडं गरगरतं, धूळ, पाचोळा, प्लास्टिकच्या पिशव्या वर चढतात आणि दोन-चार मिनिटात खेळ खलास. आभाळ निरभ्र असलं तरी होते, किंबहुना तेव्हाच जास्त होते. चक्रीवादळ म्हणजे शेकडो किलोमीटरचं प्रकरण, समुद्रावर जन्मतं, दिवसेंदिवस चालतं, त्याला नाव असतं, निसर्ग म्हणा तौक्ते म्हणा, आणि चार दिवस आधी टीव्हीवर त्याचा नकाशा फिरतो. टोर्नेडो या दोघांच्या मधला पण जात वेगळी. रुंदी काही मीटरपासून फार तर चारेक किलोमीटर, आयुष्य मिनिटांचं, क्वचित तास-दीड तास, पण वारा चक्रीवादळालाही मागे टाकेल असा. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत पुण्यात मुंढवा-खराडीकडे नदीवर जे उडत होतं त्याला "डासांचा टोर्नेडो" म्हणून सगळ्यांनी चालवलं, ते तर किड्यांचे थवे होते हो, त्यात वाऱ्याचा काय संबंध!

आता खरा प्रश्न. आपल्याकडे उष्णकटिबंधात गरमी भरपूर, दमट हवा भरपूर, रोज दुपारी ढग फुटेल इतका माल तयार असतो, मग टोर्नेडो अमेरिकेतच काहून इतके? तिकडे वर्षाला हजार-बाराशे मोजतात. शाळेत असताना वाटायचं की पृथ्वीच्या फिरण्याचं काहीतरी असेल, विषुववृत्ताजवळ तो परिणाम कमी. चक्रीवादळाला ते लागू आहे, विषुववृत्ताला खेटून पाच अंशांच्या आत ती जवळजवळ होतच नाहीत. पण टोर्नेडो इतका छोटा आणि इतक्या कमी वेळाचा असतो की पृथ्वीचं फिरणं थेट त्याच्या कामाला येत नाही. त्याला गिरकी दुसरीकडून मिळते.

ती कुठून मिळते हे मला एका तरुण इंजिनियर पोराने पेन्सिल घेऊन दाखवलं होतं. दोन तळहातांमध्ये पेन्सिल आडवी धरायची, खालचा हात स्थिर, वरचा पुढे सरकवायचा, पेन्सिल गरगर फिरते. हवेतही तेच. जमिनीजवळचा वारा हळू आणि वरचा जोरात, त्यातही दोघांच्या दिशा वेगळ्या, तर मधली हवा आडव्या गुंडाळीसारखी फिरायला लागते. डोळ्यांना दिसत नाही काही. आता त्याच वेळी खालून जबरदस्त वर चढणारा झोत आला तर तो ही आडवी गुंडाळी उचलून उभी करतो आणि मग आख्खा ढगच आतून फिरायला लागतो. याला सुपरसेल म्हणतात. असे ढग बरेच होतात, त्यातल्या थोड्यांनाच सोंड फुटते, कारण शेवटचं काम जमिनीलगत व्हावं लागतं, तिथली फिरणारी हवा वर ओढली जाऊन बारीक व्हावी लागते. फुगडी खेळताना दोघी जवळ आल्या की वेग कसा वाढतो, तसं.

म्हणजे दोन गोष्टी लागल्या, एक वर चढणारा झोत आणि दुसरी म्हणजे उंचीप्रमाणे बदलणारा वारा. पहिली आपल्याकडे ढिगाने आहे, अडतं ते दुसऱ्यावर. उष्णकटिबंधात या गावापासून त्या गावापर्यंत, या राज्यापासून त्या राज्यापर्यंत तापमानात फारसा फरक नसतो, सगळीकडे सारखंच उकडतं. आणि वरच्या थरात वारा जोरात पळायचा असेल तर उत्तर-दक्षिण तापमानात मोठा फरक लागतो. तो इथे नाही म्हणून वरचा वारा मंद, म्हणून गुंडाळी नाही. ढग सरळ उभा वाढतो, आपलाच पाऊस आपल्याच झोतावर पाडून घेतो आणि तासाभरात बसतो. केरळातला किंवा सिंगापूरचा दुपारचा पाऊस असाच. धो धो पडतो, विजा कडकडतात, आणि संपला. ताक करायला दही आहे, डेरा आहे, पण रवी फिरवायला दोरीच नाही अशी ही अवस्था.

ही दोरी मग कधी कधी बाहेरून येते. मी त्याला उसना वारा म्हणतो. उष्णकटिबंधातले मोठे टोर्नेडो बघा, बहुतेक उसन्या वाऱ्यावर झालेले. क्यूबाची राजधानी हवाना, कर्कवृत्ताच्या किंचित खाली. २७ जानेवारी २०१९ च्या रात्री तिथे टोर्नेडो आला, तिथल्या हवामान खात्याने त्याला ईएफ-४ दर्जा दिला, म्हणजे टोर्नेडोच्या जोराच्या मोजपट्टीवर वरून दुसरा. जानेवारी महिना! कारण थंडीत उत्तर अमेरिकेची थंड हवा खाली सरकते, तिच्यासोबत वरचा जोराचा वाराही क्यूबापर्यंत उतरतो, आणि खाली समुद्राची ऊबदार दमट हवा तयारच. माल इथला, दोरी तिकडची.

आणि बंगाल म्हणजे तर या सगळ्याचा बाप. कर्कवृत्त बांगलादेशाच्या मधून जातं. २६ एप्रिल १९८९, माणिकगंज जिल्हा, दौलतपूर आणि साटुरिया. रमजानचे दिवस, संध्याकाळची वेळ. अंदाजे १३०० माणसं गेली, बारा हजारांच्या आसपास जखमी, ऐंशी हजार बेघर. जगात नोंद असलेल्या टोर्नेडोंमध्ये सर्वात जास्त माणसं घेणारा हाच, अमेरिकेतला नाही. तिकडचा सर्वात भयानक १८ मार्च १९२५ चा, तीन राज्यांतून गेलेला, त्यात ६९५ गेले, म्हणजे साटुरियाच्या साधारण निम्मे. आपल्या शेजारच्या देशातली ही गोष्ट आपल्याकडे किती जणांना माहीत आहे? मग १३ मे १९९६ ला टांगाइल भागात पुन्हा, सुमारे ७०० मृत्यू. जाता जाता सांगतो, दिल्लीतही मार्च १९७८ मध्ये विद्यापीठाच्या भागातून टोर्नेडो गेलाय, २८ जण गेले होते.

बंगालच्या त्या आभाळात नेमकं काय होतं ते सांगतो, कारण त्यात आपला नागपूरही येतो. मार्च-एप्रिलमध्ये बंगालच्या उपसागरावरून दक्षिणेचा दमट वारा गंगेच्या सपाट मैदानात घुसतो, घाम पुसून पुसून माणूस वैतागतो अशी हवा. त्याच वेळी पश्चिमेला छोटा नागपूरचं पठार आणि त्याच्याही अलीकडे आपला मध्य भारत तव्यासारखा तापलेला. इथली कोरडी गरम हवा पश्चिमेच्या वाऱ्याने पूर्वेकडे सरकते आणि पठार संपलं की खाली उतरत नाही, तशीच पुढे जाऊन त्या दमट हवेच्या डोक्यावर, दीड-दोन किलोमीटर उंचीवर, बसते. दुधावर साय धरते ना, अगदी तसं. साय नसलेलं दूध हळूहळू वाफ सोडत राहतं, काही होत नाही. साय धरली की वाफ खाली कोंडते, आणि आपण जरा फोन उचलायला गेलो की दूध उतू. ही गरम हवेची साय सकाळपासून दुपारपर्यंत ढग वाढू देत नाही, खालचा दमटपणा आणि उष्णता जमत राहते, आणि दुपारनंतर एखाद्या ठिकाणी साय फाटली की दिवसभराचा सगळा माल एकदम वर. आपण इथे मे महिन्याच्या नावाने जे कण्हतो त्याचाच एक भाग तिकडे सायीचं काम करतो म्हणायचं!

आणि दोरी? ती हिमालयाच्या दक्षिणेने वाहणारा जेट स्ट्रीम, दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे ताशी शंभर किलोमीटरच्या वर पळणारा. हिवाळ्यात तो उत्तर भारतावर मुक्कामाला असतो आणि मार्च-एप्रिलमध्ये अजून गेलेला नसतो. म्हणजे खाली दक्षिणेचा वारा, वर पश्चिमेचा, आणि वरचा खालच्यापेक्षा कितीतरी जोरात. पेन्सिल फिरली. मेच्या शेवटाकडे हा जेट हिमालयाच्या पलीकडे सरकायला लागतो आणि मान्सून आला की टोर्नेडोचा सीझन संपतो. अमेरिकेत पण हिशोब हाच आहे, मेक्सिकोच्या आखाताची दमट हवा, पश्चिमेच्या उंच कोरड्या प्रदेशातून आलेली साय, आणि वर जेट. नकाशा उचलून इकडे ठेवल्यासारखा.

कुणी हुशार वाचक विचारेल की मग पावसाळ्यात काय, तेव्हा तर महाराष्ट्रावर खाली नैऋत्येचा वारा आणि खूप वर पूर्वेकडून येणारा जेट, एकदम उलट दिशा, मग तेव्हा का नाही होत? मलाही हाच प्रश्न पडला होता. उत्तर पुन्हा दुधाचं. पावसाळ्यात खालपासून वरपर्यंत सगळंच ओलं आणि ढगाळ, साय नाही, जमीन तापत नाही, उंचीप्रमाणे तापमान हळूहळू उतरतं. मंद आचेवरचं दूध. दिवसभर रिपरिप चालते पण उतू जात नाही. दोरी असली तरी दही घट्ट नाही. अपवाद छोटे छोटे होतात, पाण्यावर बारीकशी सोंड उतरते, काही वर्षांपूर्वी जेजुरीजवळच्या नाझरे धरणातून पाणी वर चढतानाचा व्हिडिओ फिरला होता तो त्यातलाच प्रकार. तिथे ढग आख्खा फिरत नसतो, पाण्यालगतची जरा गिरकी घेणारी हवा वाढत्या ढगाने वर ओढली एवढंच. बघायला भारी, पण साटुरियाशी त्याची तुलना नको.

आणि चक्रीवादळाच्या पोटातून टोर्नेडो निघतात हेही खरं आहे, त्यामुळे दोन्ही शब्दांची गल्लत आणखी वाढते. चक्रीवादळ किनाऱ्याला लागताना जमिनीशी घासल्याने खालचा वारा अडतो, थोडं वर गेलं की सुसाट, म्हणजे जमिनीलगतच दोरी तयार. आपल्या गोलार्धात वादळ ज्या दिशेने चाललंय त्याच्या उजव्या पुढच्या बाजूला हे जास्त. २०२१ च्या मे महिन्यात यास चक्रीवादळ ओडिशाला लागायच्या आदल्या दिवशी हुगळी नदीकाठी चुंचुडा आणि हालीशहरकडे टोर्नेडोने घरं उडवली, वादळाचा डोळा कुठे आणि हे कुठे. अमेरिकेत २००४ च्या आयव्हन वादळाने शंभराच्या वर टोर्नेडो सोडले होते. म्हणजे एकातून दुसरा निघू शकतो, पण म्हणून दोघांचं नाव एक होत नाही, आई आणि मुलगी एक नसते तसं.

आपल्या महाराष्ट्राचं काय? इथल्या उन्हाळ्यात पठारावर खालची हवाच कोरडी, म्हणून ढगाचा तळ उंच राहतो. पाऊस खाली येता येता अर्धा वाटेतच सुकतो, सुकताना हवा गार करतो, गार हवा जड, ती धाडकन खाली आदळते आणि जमिनीवर चारी बाजूंना पसरते. सोंड तयार व्हायच्या आधीच हा गार लोंढा ढगाचे पाय कापतो. म्हणून आपल्याकडे उन्हाळी वादळात पत्रे उडतात, झाडं पडतात, पण बहुतेक वेळा ते सरळ वाऱ्याने. १३ मे २०२४ ला घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ जण गेले ते असंच धुळीचं वादळ होतं, भोवरा नव्हता. सरळ वारा काही कमी मारत नाही. पण जेट कधी कधी खूप खाली दक्षिणेला येतो तेव्हा आपल्यालाही दोरी मिळते, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भात जी गारपीट झाली, गारांचे थर साचले होते शेतात, गहू-हरभरा-द्राक्षं गेली, त्याच्या मागे वरचा उसना वारा होता. म्हणजे इथे कधीच होणार नाही असं मी म्हणत नाहीये. म्हणतोय की होईल तेव्हा त्याला ओळखता आलं पाहिजे.

नावाचा हा घोळ आपल्याच पेपरांत आहे असंही नाही म्हणा. इंडोनेशियात फेब्रुवारी २०२४ मध्ये पश्चिम जावातल्या रानचाएकेकला मोठं वादळ झालं, कारखान्यांची छपरं गेली, तिथल्या एका सरकारी संस्थेच्या संशोधकाने त्याला टोर्नेडो म्हटलं आणि तिथलं हवामान खातं म्हणालं नाही, हा आमचा नेहमीचा "पुतिंग बेलियुंग", म्हणजे छोटं फिरतं वादळ. बरेच दिवस वाद चालला. गंमत म्हणजे जागा विषुववृत्तापासून सातच अंशांवर, चक्रीवादळं तिथे सहसा बनत नाहीत, पण वाऱ्याची सोंड उतरू शकते. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत याचा आणखी काय पुरावा पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल की काका, शब्दाने काय फरक पडतो. पडतो हो. चक्रीवादळ म्हटलं की लोक चार दिवस हातात आहेत असं समजतात, सामान बांधतात, मुंबईतल्या पोराला फोन करतात. टोर्नेडोला रडारवाल्या अमेरिकेतही सरासरी दहा-बारा मिनिटं मिळतात. त्यात करायचं ते एकच, पक्क्या घराच्या मधल्या खोलीत, खिडकीपासून लांब, खाली बसायचं, आणि पत्र्याच्या शेडमध्ये तर अजिबात थांबायचं नाही, साटुरियात माणसं मेली त्यात उडत्या पत्र्यांचा मोठा हात होता. आणि वावटळ असेल तर काहीच करायचं नाही, डोळे मिटा, तोंडावर रुमाल धरा. हेडिंगमध्ये तिन्हींना एकच नाव दिलं तर वाचणाऱ्याने नेमकं काय करायचं? आणि वावटळीलाच टोर्नेडो टोर्नेडो म्हणत राहिलो तर खरा येईल त्या दिवशी लोक व्हिडिओ काढत उभे राहतील.

म्हणून एक विनंती, पटली तर बघा. असा फोटो किंवा व्हिडिओ आला की आपल्या वार्ताहराला दोनच प्रश्न विचारायला सांगा. वर ढग होता का, आणि झाडं कशी पडली? सरळ वाऱ्याने झाडं एकाच दिशेला किंवा पंख्यासारखी बाहेर पडतात. भोवऱ्याने ती एकमेकांवर, आतल्या बाजूला, काही पिळून मोडलेली दिसतात, आणि सगळं एका अरुंद पट्ट्यात. हे मोबाइलवर चार फोटो काढून कळतं. त्यानंतर पुण्याच्या सिमला ऑफिसला, म्हणजे हवामान खात्याला, किंवा आमच्या नागपूरच्या वेधशाळेत एक फोन, आणि मग हेडिंग. पुण्यात उष्णकटिबंधाच्या हवामानावर काम करणारी आख्खी संस्था आहे, आयआयटीएम, १९६२ पासून, विजांचं ॲप त्यांनीच काढलंय. घरच्या माणसांना विचारायला काय लाज.

आपला जुना वाचक,
अजनी, नागपूर

ता. क. — त्या फोटोतल्या शेतमालकाला जमलं तर विचारा, खांब कोणत्या बाजूने फिरत होता. टोर्नेडो आपल्या गोलार्धात बहुतेक घड्याळाच्या उलट फिरतात, वावटळीला तसा काही नियम नाही, ती आज इकडून तर उद्या तिकडून. मी लहानपणी मोजायचो, शाळेच्या मैदानात.